राजाबाईची तांबू

बापूंनी कालवड द्यायचं बोलून दाखवलं तेव्हा रत्नमाला पुरणयंत्राची मूठ फिरवत होती. मूठ जागच्या जागी थांबली.

"पिवळी राजाबाईला देऊन टाकू," ओसरीवर बसलेले बद्रीनाथबापू म्हणाले. सूनही सगळ्या गावासारखं सासऱ्यांना बापूच म्हणायची. "आज पोळा हाये. बैलं दारात आली की तिच्या हातात दावं द्यायचं. लंपीच्या साथीत गाय गेली बिचारीची. सरकारनं सगळ्या गावाला भरपाई दिली, हिला छदाम मिळाला नाय. नवरा-बायको आपल्या वावरात बटईनं राबत्यात. आपल्याला काही लाजबीज?"

'लाजबीज' हा शब्द स्वयंपाकघरात येऊन रत्नमालेच्या शेजारी पाटावर बसल्यासारखा झाला.

"पिवळी?" चुलीपाशी बसलेल्या सासूनं, साळूबाईंनी, तव्यावरची पोळी सोडून मान वळवली. "येत्या साली इल ती. दूध काय तुमी देनार?"

"दे गं माय, देऊ दे!" ही गीताबाई, रत्नमालेची नणंद. पोळ्यासाठी काल संध्याकाळी चितेगावाहून आली होती, आणि आल्यापासून तिनं एकही वाद भाग न घेता सोडला नव्हता. "बापूचं मन मोठं हाये. गावात नाव निघंल."

"नाव निघंल, अन् आमी काळा चहा पिऊ."

तेवढ्यात अंगणातून नवऱ्याचा, सोमनाथचा, आवाज आला. "द्या, बापू. लई चांगलं हाये. देऊनच टाका."

रत्नमालेनं दारातून बाहेर पाहिलं. हातात हिंगुळाचा डबा, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, कंपनीच्या बिल्ल्याची दोरी अजून गळ्यात. सोमनाथ शेंद्र्याला कंपनीत होता आणि रात्रपाळी करून सकाळीच आला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस बापाशी पहिल्या झटक्यात कबूल झालेला तिनं पाहिला नव्हता. विहिरीवर नवी मोटार बसवायची होती तेव्हा बापलेक आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते, आणि मोटार दोघांनाही हवी होती. आज मात्र एका दमात "देऊनच टाका."

पुरण आता वाटलं जाईना. डाळ नीट शिजली नाही, असं तिनं स्वतःलाच सांगितलं. डाळ चांगली शिजली होती.

गोष्ट अशी होती. लंपी यायच्या आधी दोन पावसाळे, जनावरांच्या दवाखान्याची माणसं घरोघर फिरून जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले ठोकत होती. त्या हप्त्यात वादळानं त्रिंबकच्या वस्तीवरचं छप्पर उडालं, म्हणून त्याची बायको राजाबाई आपली गाय इथं गोठ्यात बांधून गेली होती. गाईचं नाव तांबू. राजाबाईच्या बापानं, मेंढरं राखणाऱ्या माणसानं, लेकीला एक गाय आंदण दिली होती, तिच्याच पोटची ही. बिल्लेवाल्यानं विचारलं, "कोणाची जनावरं?" सोमनाथला कंपनीची गाडी गाठायची होती. तो म्हणाला, "लिहा सगळी माझ्याच नावावर." फोन नंबर दिला रत्नमालेचा, कारण कंपनीत कामावर फोन चालत नाही.

कोणाच्याच मनात काही नव्हतं. बिल्ला कानात बसला, छप्पर झालं, गाय घरी गेली.

मग लंपी आली. तांबूच्या अंगावर गाठी उठल्या, पायाला सूज आली, आणि एका पहाटे ती उठली नाही. डॉक्टर पंचनाम्याला आले, तर बिल्ल्याच्या नंबरावर मालक सोमनाथ. "आता नाव बदलत बसलो तर लंपी जाऊन दुसरी साथ येईल," सोमनाथ म्हणाला, "माझ्याच नावानं जाऊ द्या, पैसे आले की ह्यांना देतो." पंच म्हणून सही कोणी केली? त्रिंबकनं. मेलेली गाय सोमनाथची आहे, असं त्रिंबकनं लिहून दिलं.

पैसे आले. मेसेज रत्नमालेच्या फोनवर आला. त्या दिवशी कापूस वेचताना राजाबाईनं विचारलं होतं, "वैनी, सरकारचं आलं का काही?"

"नाय अजून," रत्नमाला म्हणाली होती. सोमनाथ सुट्टीच्या दिवशी बँकेतून काढून देतो म्हणाला होता, तोवर उगीच कशाला, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पुढं सुट्टी झाली, दिवाळी झाली, संक्रांत झाली. राजाबाईनं आणखी एकदा विचारलं. त्यानंतर कधीच नाही. तिनं विचारणं बंद केलं याचं रत्नमालेला त्या वेळी बरं वाटलं होतं. आता तेच आठवून तिला कानापर्यंत ऊन लागल्यासारखं झालं.

हात पदराला पुसून ती गोठ्यात गेली.

"तुम्ही बापूला सांगता का मी सांगू?"

सोमनाथ थोरल्या बैलाच्या शिंगाला हिंगूळ लावत होता. त्यानं वर पाहिलं नाही. "काय सांगायचं?"

"काय सांगायचं म्हणं!"

"हळू बोल. त्रिंबक हौदावर हाये."

"त्यांच्यापासून काय लपवता? सही तर त्यांचीच घेतली."

"रत्ना, ऐक." त्यानं डबा खाली ठेवला. "आज कालवड जाती ना घरातून? गाय गेली, कालवड आली. आपोआप बरोबर झालं. देवानंच बापूच्या तोंडून बोलवलं समज."

"बरोबर कसं झालं? तिचंच तिला देताय, अन् वरून पाया पडून घेताय. बाई सगळ्यांसमोर वाकंल बापूच्या पायावर. बघवंल तुम्हाला?"

"तू काय लई धुतल्या तांदळाची लागून गेलीस? मेसेज कोणाच्या फोनवर आला होता?"

रत्नमालेची नजर बैलाकडं गेली. एका शिंगाला रंग लागला होता, एक कोरडं होतं, आणि बैल आपला निवांत रवंथ करत होता. नवऱ्यानं खोटं काहीच म्हटलं नव्हतं. ती आली तशी माघारी वळली.

साळूबाईंच्या पोळ्यांची चवड वाढत चालली होती. रत्नमालेनं ठरवलं, निदान सासूच्या कानावर घालू. म्हाताऱ्या माणसाला म्हातारं माणूस नीट सांगंल.

"आत्याबाई, राजाबाईच्या गाईचे पैसे आले होते."

"मालूम हाये," साळूबाई म्हणाल्या आणि पोळी उलटली.

"तुम्हाला?"

"सोमनाथनं मलाच आणून दिले होते. म्हनला, माय, तुझ्याजवळ ठिव, त्रिंबकला द्यायचेत. अन् दुसऱ्याच हप्त्यात ह्यांना दिसायचं बंद झालं. तुला आठवतं नं, उंबऱ्याला ठेचकाळून पडले ते? शहरात नेलं, मोतीबिंदू निघाला, डॉक्टर म्हनला साधं भिंग घालू का भारीतलं? म्या म्हनलं, भारीतलं घाल." त्यांनी उलथनं रत्नमालेकडं रोखलं. "तुझ्या सासऱ्याच्या डोळ्यात गेले ते पैसे. आता काढून देऊ का तिला?"

"कोणाचे पैसे गं, माय?"

दारात गीताबाई उभी होती, आरतीचं ताट घेऊन. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. दोघींनी सांगितलं नाही तरी तिनं ते काढून घेतलंच. आधी ती सोमनाथवर लाल झाली. "आपल्याच वावरात राबणाऱ्या बाईचे? शरम वाटली नाय त्याला?" मग ताट खाली ठेवून बसली. मग म्हणाली, "बापूला कळलं तर?" आणि शेवटी अगदी खालच्या आवाजात, "आमच्या चितेगावात कळलं तर? माझी सासू मला बसता-उठता ऐकवंल. तुमचं घर असलं अन् तुमचं घर तसलं."

"मग?"

"मग काय, कालवड देतोच ना आपन? कालवड चांगली हाये. गप् बसायचं."

"मी कुठं नाय म्हनते," साळूबाई म्हणाल्या. "न्हेऊ दे पिवळी."

रत्नमालेला हसू आलं, आणि हसू आल्याची वेगळी लाज वाटली. मघाशी याच कालवडीवरून घरात दोन तट होते. आता दूध गेलं तरी चालणार होतं, काळा चहा गोड लागणार होता. सगळं घर दानशूर झालं होतं. आणि गीताबाई शेजारच्या आवडाबाईला परातीच्या निमित्तानं सांगूनही आली, "आमचे बापू राजाबाईला कालवड देनार हायेत आज."

उन्हं कलली तशी राजाबाई आली. मागच्या दारानं, नेहमीसारखी. पदरात काकड्या आणि मूठभर गवार.

"वैनी, किती दमल्या वं तुमी," रत्नमालेच्या तोंडाकडं बघून ती म्हणाली. "सरका, मी लाटते दोन."

"नको, झालंच."

"मंग पानी तरी घ्या घोटभर." तिनं स्वतःच माठातून तांब्या भरून पुढं केला. रत्नमालेनं तो घेतला आणि तिच्याकडं न बघता रिकामा केला.

वेशीतून बैलं माघारी आली. गेल्या साली साथीमुळं बैल वेशीत न्यायला बंदी होती, त्यामुळं यंदा गाव दुप्पट हौसेनं बाहेर पडलं होतं. झुली, बेगड, घुंगरं, कुठं डफडं, कुठं स्पीकर. त्रिंबकनं बैलजोडी दारात आणून उभी केली. जाडजूड, हसतमुख माणूस, गुलालानं टोपी लाल झालेली. साळूबाईंनी बैलांच्या पायावर पाणी घातलं, ओवाळलं, पुरणपोळी चारली. त्रिंबकला उपरणं-टोपी दिली. आवडाबाई आपल्या दारातलं ओवाळणं उरकून खास बघायला येऊन उभी राहिली.

"राजाबाई, ये. पुढं ये," बापू म्हणाले. पिवळीच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि दावं बापूंच्या हातात. "ही आजपासून तुझी. नीट संभाळ."

राजाबाई पुढं आली. पण तिचे हात पदराखालीच राहिले.

"घे की गं," त्रिंबक म्हणाला. "बापू देत्यात तर."

"बापू, दान नका देऊ मला."

"दान कुठं? घरच्या मानसाला काय दान असतं?"

"मंग एक इचारू?" तिनं वर पाहिलं. "माझी तांबू कोनाची होती?"

"राजे!" त्रिंबकचं हसू गेलं. "गप्."

"कोनाची म्हंजी?" बापू गोंधळले. "तुझी. तिची माय तुझ्या बापानं आंदण दिलेली, मांडवाच्या खांबाला बांधली होती. मी होतो तिथं."

"तुमी म्हनता. कागदावर तसं नाय. कागदावर सोमनाथभाऊची गाय मेली. ह्यांनीच सही केली. पैसे यायचे ते आले, दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं मला." आवाज चढला नव्हता. भाजीला किती मीठ घालायचं ते विचारावं तशी ती बोलत होती. "हे म्हनले, बोलू नको, वावर जाईल हातचं. नाय बोलले. पैशाचं बी जाऊ द्या. पन तिला खड्ड्यात लोटली, वरून चुना-मीठ टाकायचं होतं, तर डॉक्टर म्हनला, मालकाच्या घरचं कोन हाये, पुढं या. म्या मागं सरकले, बापू. माझ्या हातानं पाजलेलं जनावर, अन् मी लोकाच्या गाईला बघाय आल्यावानी उभी. रडायची बी चोरी."

 

बापू सोमनाथकडं वळले. "काय म्हनती रे ही?"

"बापू, आत चला. सांगतो."

"हितं सांग."

सोमनाथ आपल्या लाल झालेल्या बोटांकडं बघत राहिला. रत्नमालेला वाटलं, आता हा बोलंल, आता बोलंल.

"खरं हाये," ती म्हणाली. आपला आवाज एवढा मोठा निघेल असं तिला वाटलं नव्हतं. "मेसेज माझ्याच फोनवर आला. हिनं मला दोनदा विचारलं. मी नाय म्हणाले."

"रत्ना!" गीताबाई कळवळली आणि तिनं आवडाबाईकडं पाहिलं. आवडाबाई ऐकत नसल्यासारखी बैलाची झूल नीट करत होती.

"तुमच्या डोळ्याला लागले ते," साळूबाई पुढं झाल्या. "पोराला बोलू नका. म्या खर्च केले. तुमाला दिसंना झालं होतं."

"मला इचारलं असतं तर म्या आंधळा ऱ्हायलो असतो."

"म्हनून तर नाय इचारलं."

 मघाशी ताठ असलेले बापू बघता बघता अंगरख्यात सैल झाले. ते राजाबाईकडं बघून बोलायला लागले, पण नजर तिच्या पायापाशी राहिली.

"पोरी, म्या सकाळपासून गावाला आयकू जाईल असं देतो देतो म्हनत बसलो. ते शब्द माघारी घेतो, ही फेड हाये. वावर तुमचं कोनी काढत नाय. कालवड म्हंजी काय दुभती गाय नव्हं, राहिलेलं सोमनाथ भागवंल." मग त्यांनी दावं सोमनाथच्या हातात दिलं. "हिच्या वस्तीवर न्हेऊन बांध. मधल्या रस्त्यानं जायचं, गावातून. मागच्या वाटंनं गेलास तर माघारी दारात येऊ नको."

"बापू, मी न्हेते की," राजाबाई म्हणाली.

"नाय. त्यानंच न्यायची. अन् कोनी इचारलं तर सांगायचं."

"काय सांगायचं?" सोमनाथनं विचारलं.

"आता ते बी मी शिकवू?"

राजाबाई पुढं निघाली, भरभर, मागं न बघता. तिच्यामागं पिवळीला धरून सोमनाथ. रत्नमालेला कोणी जा म्हटलं नव्हतं. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि ती मागून चालू लागली. साळूबाई काहीतरी म्हणाल्या, ते तिनं ऐकलं नाही.

रस्ता माणसांनी आणि बैलांनी भरला होता. दारोदारी ओवाळणं चालू होतं. "काय सोमनाथराव, कालवडीचा बी पोळा काढला का?" कोणीतरी ओरडलं. सोमनाथ कसनुसं हसला आणि चालत राहिला. पिवळीला गर्दीची सवय नव्हती. ती अडायची, तो ओढायचा, झेंडूची फुलं गळत होती.

मारुतीच्या पारावर जुनी मंडळी बसली होती. आवडाबाईच्या सासऱ्यानं, रामेश्वर आबांनी, लांबूनच हात वर केला. आवडाबाईनं सकाळीच त्यांच्या कानावर घातलं असणार.

"या, या! बद्रीनाथनं राजाबाईला कालवड दान दिली म्हनं! वा, पठ्ठे! अशी घरं ऱ्हायली नाय आता. पोरांनो, बघून घ्या. बटईदाराची गाय गेली तर मालक सोताच्या दावणीची सोडून देतो."

पारावर माना हलल्या. कोणी तरी "खरं हाये, खरं हाये" म्हणालं. पुढं चाललेली राजाबाई थांबली. वळली नाही, नुसती पाठमोरी थांबली.

सोमनाथच्या तोंडावर काय आलं ते रत्नमालेनं पाहिलं. सुटल्याचं समाधान. काही बोलायचीही गरज नव्हती, मान खाली घालून पुढं गेलं की झालं, लोक त्याला नम्रपणा म्हणाले असते. ती बोलणार होती. जिभेवर आलं होतं. दारात जी बोलली तीच इथंही बोलू शकली असती, आणि गावात वर्षभर चर्चा झाली असती की बायकोनं नवऱ्याला पारावर उघडा पाडला. पण ती थांबली ती त्या भीतीनं नाही. हे वाक्य त्याचं होतं. तिनं दातावर दात दाबले आणि त्याच्या पाठीकडं बघत उभी राहिली. देवा, ह्यांना बोलू दे. एवढं एक बोलू दे.

"आबा," सोमनाथ म्हणाला. "दान नाय ते."

"हां हां, भेट म्हन. एकच झालं."

"भेट बी नाय. हिची गाय मेली लंपीत. तांबू. बिल्ला माझ्या नावाचा होता, त्यामुळं भरपाई माझ्याकडं आली. आमी..." त्यानं दाव्याचा पीळ बोटाभोवती आवळला. "आमी दिली नाय हिला. खाल्ली. गाय हिची होती, आबा. राजाबाईची होती."

आबांचा वर केलेला हात तसाच राहिला, मग त्यांनी तो मांडीवर ठेवला. कोणी डोळ्याला डोळा देईना. बैल जात होते, घुंगरं वाजत होती.

राजाबाई वळली. चालत परत आली आणि तिनं सोमनाथच्या हातातून दावं घेतलं. पाया पडली नाही, त्याच्याकडं पाहिलंही नाही. पिवळीच्या मानेवरून तिनं हात फिरवला, एकदा, दोनदा, कानामागं खाजवलं. आणि तिथंच, भर रस्त्यात, तिचं तोंड वेडंवाकडं झालं. ती मोठ्यानं रडायला लागली. घरातलं माणूस गेल्यावर बायका रडतात तशी, गळा काढून.

रत्नमालेला पुढं होऊन तिला धरायचं होतं. पण आपण धरायचं म्हणजे कोण म्हणून धरायचं, हे तिला कळेना.

दारादारातून बायका धावल्या. हातात ओवाळणीची ताटं तशीच. एकीनं राजाबाईचा दंड धरला, एकीनं पाठीवर हात ठेवला.

"काय झालं गं? सणाच्या दिवशी काय झालं?"

राजाबाईनं पदर तोंडावरून काढला.

"माझी गाय मेली वं," ती म्हणाली. "माझी तांबू मेली."